रघुवीरचं पान

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी अलकानं शशिधरला अळूची पानं आणायला हाउन्सलो हाय स्ट्रीटला धाडलं. दरवर्षीचंच काम होतं. अळू, गवार, लाल भोपळा, आणि मिळालं तर केळीचं पान. दुकान ठरलेलं, दुकानदार ठरलेला. तो भोपळ्याची फोड सांगितल्यापेक्षा मोठी कापणार आणि घरी गेल्यावर अलका त्यावरून बोलणार, हेही ठरलेलं. ऑक्टोबरमधली साधीसुधी दुपार होती. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. डोक्यावरून विमानं चाकं खाली सोडून उतरत होती. आवाज आला की रस्त्यावरची बोलणी क्षणभर थांबत आणि आवाज गेला की जिथे थांबली तिथून पुढे सुरू होत. इथे राहणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

दुकानदारानं अळूची ओली पानं फुकट वाटायच्या पेपरात गुंडाळून दिली. घरी ओट्यावर शशिधरनं पुडकं सोडलं आणि ओल्या कागदातून एका माणसानं त्याच्याकडे पाहिलं.

मातीचा चेहरा होता. पोलिसांनी जुनी, न सुटलेली प्रकरणं पुन्हा बाहेर काढली होती. पंचवीस वर्षांपूर्वी कॅनॉलमध्ये एका आशियाई तरुणाचं प्रेत सापडलं होतं. दोन्ही हातांची बोटं मोडलेली, म्हणून मारहाण करून पाण्यात टाकला असावा असा संशय. त्याचं नाव कधीच कळलं नाही. आता कवटीवरून त्याचा चेहरा घडवला होता आणि खाली विचारलं होतं, ह्याला कुणी ओळखतं का?

नाक चुकलंय, हे शशिधरच्या मनात पहिल्यांदा आलं. रघुवीरचं नाक इतकं सरळ नव्हतं. कॉलेजात चेंडू बसून ते डावीकडे कललं होतं. मग त्यानं ओला कागद तळव्यानं सरळ केला.

"कोण हो?" अलकानं खांद्यावरून डोकावून विचारलं.

"कुणी नाही."

"आपल्याकडचा दिसतो, नाही? बिचारा." असं म्हणत तिनं अळूचे देठ सोलून त्याच चेहऱ्यावर टाकायला सुरुवात केली. "आणि हा भोपळा बघा! गाव जेवायला बोलावलंय का मी?"

शशिधर टेंभेकर आणि रघुवीर देशकर नागपूरचे, एका बाकावरचे. एकामागोमाग इंग्लंडला आले आणि हाउन्सलोत एका खोलीत राहिले. एकच हीटर, एकच धड कोट. ज्याला बाहेर जायचं त्यानं तो घालायचा. शशिधर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नापास झाला होता. सर्टिफिकेट त्यानं कुणाकडून तरी करवून आणलं होतं आणि त्याच्यावर एका कारखान्यात नोकरी धरली होती. हे ठाऊक असलेला माणूस अख्ख्या इंग्लंडमध्ये एकच. रघुवीरनं ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं. पण त्याला थट्टेची खोड होती.

त्या जानेवारीत अशी थंडी पडली की कॅनॉल गोठला. संध्याकाळी दोघं काठानं घरी चालले होते. शशिधरला त्या दिवशी बढती मिळाली होती.

"मग, सांगू का बे तुझ्या साहेबाला?" रघुवीर हसत म्हणाला.

शशिधरनं त्याला ढकललं. रागानं ढकललं की गमतीनं, हे त्याला स्वतःलाही पुढे कधी नक्की करता आलं नाही. बर्फ फुटला, रघुवीर आत गेला, आणि वर आला तो जिथून गेला तिथे नाही. थोडा पुढे, जाड बर्फाच्या खाली. आतून तो बर्फावर मुठी मारायला लागला.

काठावर एक लोखंडी गज पडला होता. बर्फ फोडता आला असता. शशिधर उभा राहिला. आवाज काही फार मोठा नव्हता. शेजारच्या खोलीचं दार कुणी वाजवावं, एवढाच. तो थांबेपर्यंत शशिधर जागचा हलला नाही. मग घरी गेला आणि घरमालकाला म्हणाला, रघुवीर कॅनडाला गेला. नागपूरलाही त्यानं तेच कळवलं.

त्यानंतर तो नागपूरला गेलाच नाही. लग्न पुण्यात झालं, सुट्ट्या पुण्यात गेल्या. रघुवीरची आई अजून वाट पाहते का, ती आहे तरी का, धाकटी सुनेत्रा कुठे असते, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. आणि तरी हाच माणूस इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खरेपणावर भाषणं करायचा. वरदा आठ वर्षांची असताना तिनं दुकानातून च्युइंग गम उचललं, तेव्हा तिला हाताला धरून परत नेणारा, "खरं सांगितलं की माणूस मोकळा होतो" असं भर दुकानात बजावणारा, तो हाच.

त्या दुपारी, अळूच्या देठांखाली भिजत चाललेला तो चेहरा पाहताना शशिधरनं ठरवलं, आता सांगायचं. त्या पोराला त्याचं नाव मिळू दे. नागपूरला कुणी वाट पाहत असेल, तर ती संपू दे. त्यापुढे आपलं काय व्हायचं ते होवो.

पण पोलिसांकडे जाण्याआधी त्याला रघुवीरची परवानगी हवीशी वाटली. चूक झाली ती इथे.

सर्वपित्रीला अलका सगळं तिच्या आईच्या पद्धतीनं करायची. गेलेल्यांना नावानं बोलवायचं, पोटभर वाढायचं, आणि शेवटी तळहातावरून पाणी सोडून हात जोडायचे. तृप्त झालात, आता आपल्या स्थानी परत जावं, असं म्हणायचं. हे शेवटचं चुकवायचं नाही, असं तिची आई बजावायची. बोलावलेल्याला निरोप द्यावा लागतो.

दुपारी तिनं कावळ्यांसाठी कुंपणापाशी पान ठेवलं आणि ती आत गेली. शशिधरनं तिच्या नकळत दुसरं पान वाढून घेतलं आणि बागेच्या टोकाला, शेडच्या मागे, ओल्या गवतावर ठेवलं. भात, अळूचं फदफदं, भोपळ्याची भाजी, खीर. त्याला मंत्रबिंत्र येत नव्हते.

"रघ्या," तो हळूच म्हणाला, "ये. जेव."

वारा नव्हता. शेडवरून पाण्याचे थेंब गळत होते, ते थांबले. त्यानं तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अलका ओरडली, "अहो! वरदाचा फोन! लवकर या, तिला वॉर्डवर जायचंय!" पाणी तसंच झटकून तो घाईनं आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान रिकामं होतं. कोल्हा येऊन गेला असणार. इथे रात्री कचऱ्यापाशी कोल्हे फिरतातच. फक्त पानाच्या कडेला भाताचा एकच घास नीट लिंपून ठेवलेला होता. आणखी वाढून घ्यायचं असलं, की माणूस ठेवतो तसा.

शशिधर दोन दिवस घुटमळला. सोमवारी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, अलकाला "लायब्ररीत जाऊन येतो" असं सांगितलं आणि तो पोलीस स्टेशनला गेला.

सार्जंट मार्शल म्हणून एक बाई होत्या, चाळिशीच्या, शांत. त्यांनी त्याला बिनखिडकीच्या खोलीत बसवलं, वकील हवा का ते विचारलं, टेप सुरू केला. शशिधर बोलायला लागला आणि मग थांबलाच नाही. सर्टिफिकेट, बढती, कोट, कॅनॉल. बोटं कुणी मोडली नव्हती, तो खालून बर्फ फोडत होता, असं त्यानं सांगितलं तेव्हा बाईंचं पेन थांबलं. शशिधरला वाटलं, छातीवरचं कुणीतरी उठलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता आला.

"ह्या मित्राचा फोटो आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी लॉफ्टमध्ये, जुन्या सुटकेसमध्ये."

त्यांनी एका शिपायाला घरी पाठवलं. शशिधरला कागदी कपात चहा मिळाला. तो थंड झाला. दारामागे कुणाची तरी पावलं आली आणि गेली. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. राग नव्हता. त्याहून वाईट... माया होती.

"मिस्टर टेंभेकर, तुमच्या घरी पाहुणे आलेत, हे तुम्हाला माहीत आहे?"

"पाहुणे? घरी बायको एकटी आहे."

"माझा सहकारी आत्ताच त्यांच्याशी बोलला. तुमच्या बायकोनं दार उघडलं, आणि मिस्टर रघुवीर देशकर समोर सोफ्यावर बसले होते. त्यांनी पासपोर्ट दाखवला. तुम्ही सांगितलीत तीच जन्मतारीख. नाक थोडं वाकडं आहे." त्या जरा हसल्या. "फार गोड माणूस आहे म्हणे. माझ्या सहकाऱ्याला चहाही करून दिला."

शशिधरला ऐकू येत होतं. अर्थ लागत नव्हता.

"तो मेला," तो म्हणाला. "मी पाहिलं ना. मी उभा होतो तिथे."

"असं अपील छापून आलं की लोक येतात. चांगले लोक येतात. मनात कसला तरी सल असतो, तो ह्या बातमीला येऊन चिकटतो. काल एक आजीबाई येऊन गेल्या. त्यांच्या मते ते प्रेत त्यांच्या नवऱ्याचं."

"पण बोटं... बोटांचं मला कसं ठाऊक?"

"ते पेपरात होतं," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "मी तुमच्या मुलीला फोन केलाय. तिचा नंबर तुमच्या बायकोनं दिला."

"मला अटक करा," शशिधर म्हणाला. "प्लीज. आज रात्रीपुरतं तरी इथे राहू द्या."

बाईंनी टेप बंद केला आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं. जन्मात पहिल्यांदा त्याला बंद खोलीत राहायचं होतं, आणि ते लोक त्याला फार प्रेमानं बाहेर काढत होते.

वरदा मिल्टन कीन्सच्या इस्पितळात डॉक्टर होती. सुट्टीचा दिवस सोडून धावत आली होती. आधी घरी जाऊन मग बापाला न्यायला आली. गाडी रस्त्याला लागली. तशी ती एकदम म्हणाली, "बाबा, don't get angry, ओके? आज कुठला वार आहे?"

"सोमवार."

"कुठला वर्ष आहे?"

"कुठलं वर्ष. दोन हजार सात."

"माझी ग्रामर नको चेक करू, मी तुमचा ब्रेन चेक करते. प्राइम मिनिस्टर कोण आहे?"

"नवीन आलाय तो. जुना जूनमध्ये गेला. वरदा, माझं डोकं ठिकाणावर आहे."

"मी तीन वर्ड्स सांगते, घरी गेल्यावर परत विचारणार. सफरचंद, टेबल, पेनी."

"सफरचंद, टेबल, पेनी," शशिधर म्हणाला. "आणि मी रघुवीरला मारलं. ह्यातलं मी काहीही विसरणार नाही."

तिनं गाडी बाजूला घेतली. डोळे भरले होते तिचे. "बाबा, ते काका आपल्या घरात बसली आहेत. मी त्यांना हात लावला, नमस्कार केली. He's warm, बाबा. किती छान हसतात. त्यांनी मला लगेच ओळखली, म्हणाले, शशाचा कपाळ आहे हिच्याकडे. तुम्ही इतकी वर्षं आम्हाला सांगितला पण नाही की तुमचा एवढा जवळचा फ्रेंड आहे!"

"हात लावलास?"

"हो."

"बोटांना... लावलास?"

तिनं डोळे पुसले. गाडी सुरू केली आणि म्हणाली की उद्याच जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेते.

घरात शिरताच त्याला वास आला. चिखलाचा, गंजलेल्या लोखंडाचा, आणि त्याखाली थंडीचा. थंडीला वास असतो. ज्यानं तो घेतलाय त्याला तो कळतो. पॅसेजमध्ये अलकानं उदबत्त्यांचा जुडगा लावून ठेवला होता.

"आलात?" ती कुजबुजली. तिचा चेहरा फुलला होता. "लायब्ररीत म्हणे! पोलिसांत कशाला गेला होतात हो? शिपाई दारात आला तेव्हा मला घेरीच यायची बाकी होती. आणि हे बिचारे एवढ्या लांबून येऊन बसलेत. कधीची सांगते आहे जेवून घ्या, तर म्हणतात, शशा आल्यावर. मग मीच बळंच बसवलं. ड्रेन तुंबलंय वाटतं, उद्या कुणाला तरी बोलवा."

डायनिंग टेबलाशी, रेडिएटरला पाठ लावून, तो बसला होता. वय झालं होतं त्याचं. शशिधरचं झालं होतं तेवढंच. केस मागे गेले होते, पोट सुटलं होतं, चष्मा लागला होता. मेला नसता तर रघुवीर हुबेहूब असाच झाला असता. केस नुकतेच धुऊन विंचरल्यासारखे ओले होते. अंगात कोट होता. तो कोट... दोघांचा.

"काय बे शशा," तो म्हणाला. "उशीर केलास."

वरदाला पहाटेची ड्यूटी होती. दोन पोळ्या खाऊन ती निघाली. निघताना तिनं बापाला मिठी मारली आणि कानात विचारलं, "थ्री वर्ड्स?" शशिधरनं ते बरोबर सांगितले. ती आणखीनच घाबरल्यासारखी दिसली. मग काकांना म्हणाली, "तुम्ही राहा हं थोडे दिवस. बाबांना बरा वाटेल." रघुवीर म्हणाला, "राहतो ना. न राहून कसं?" तिची गाडी वळून गेली. सहाच वाजले होते, पण बाहेर चांगलं अंधारून आलं होतं. काचांना आतून पाणी सुटलं होतं. रेडिएटर पूर्ण चालू होता, त्याला हात लावला तर तो बर्फासारखा गार.

अलका पोळ्या करायला आत गेली तेव्हा शशिधर बसला. समोर, टेबलाच्या पलीकडे. रघुवीर जेवत होता. हळूहळू, चवीनं. बोटं भातात होती, म्हणून नीट दिसत नव्हती.

"तू मेलायस," शशिधर अगदी हळू म्हणाला.

"हो की."

"मग सांग त्यांना. मी सांगतो तर कुणी ऐकत नाही."

"मी कायले सांगू? मला बरं आहे असं." रघुवीरनं खिरीचा भुरका मारला. "चांगलं रांधते रे तुझी बायको. ते अळूचं तर... मी चार दिवस तीच चव घोळवून राहिलो."

"तुला काय पाहिजे?"

"काही नाही. तूच बोलावलंस ना? म्हणालास, ये. आलो. म्हणालास, जेव. जेवतोय." त्यानं वर पाहिलं. चष्म्याच्या काचांवर धुकं होतं, मागचे डोळे दिसत नव्हते. "पुढचं तू काही बोललाच नाहीस."

निरोप द्यायचा राहिला होता, हे शशिधरच्या ध्यानात आलं. तो उभा राहिला. टेबलावरच्या भांड्यातलं पाणी त्यानं तळहातावर घेतलं. निम्मं सांडलं. "तृप्त झालास," तो म्हणाला. "आता... आपल्या स्थानी..."

"कुठे तृप्त झालो?" रघुवीरनं शांतपणे ताट दाखवलं. कडेला भाताचा एकच घास लिंपलेला होता. "जेवणाऱ्याला भरल्या ताटावरून उठवतोस? तुझ्या आईनं हेच शिकवलं का बे?"

"मग संपव! संपव तो घास!"

आतून अलका लगबगीनं आली. हातात गरम पोळी. "अहो, काय ओरडताय पाहुण्यांवर!" असं म्हणून तिनं शशिधरकडे रागानं पाहिलं, आणि शेवटचा घास उरलेल्या त्या ताटात पोळी, भाजी, वर तुपाची धार, सगळं पुन्हा वाढलं. "तुम्ही सावकाश होऊ द्या हो. ह्यांची तब्येत बरी नाही. पोरीनं सांगितलंय मला."

"वहिनी, पुरे आता," रघुवीर म्हणाला.

"पुरे कसलं? एवढंसं तर खाताय."

"बरं, तुम्ही म्हणताच आहात, तर."

आणि त्यानं पुन्हा जेवायला सुरुवात केली. अलका आत गेली. शशिधर पुन्हा खुर्चीत बसला. तिला कसं सांगणार? आलेल्याला वाढू नकोस, आग्रह करू नकोस, हे तिला कोणत्या शब्दांत पटवणार? तिला तिच्या आईनं जे शिकवलं तेच ती करत होती, मनापासून. ह्या घरात हे जेवण कधीच संपणार नव्हतं.

"मी बहिणीला सांगेन," तो शेवटी म्हणाला. "सुनेत्राला. पोलीस नाही ऐकत तर नको. ती ऐकेल. तिला हक्क आहे."

रघुवीरचा हात थांबला. शशिधरला वाटलं, सापडलं. हे ह्याला नको आहे. पण रघुवीर उष्ट्या हातानंच उठला आणि म्हणाला, "चल, लावून देतो."

फोन पॅसेजमध्ये, जिन्याखालच्या टेबलावर होता. रघुवीरनं नंबर फिरवला. तेव्हा शशिधरला त्याची बोटं दिसली. ती सगळी होती. फक्त कोणतंच, जिथे वाकायला हवं तिथे वाकत नव्हतं. रिसीव्हर शशिधरच्या हातात देऊन तो शेजारीच भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या कोटातून गार वाफ येत होती.

बराच वेळ घंटी वाजली. मग दबलेला, झोपेतून उठलेला आवाज आला. "कोण?"

"सुनेत्रा... मी शशिधर टेंभेकर. लंडनहून. रघुवीरचा..."

पलीकडे दिव्याचं बटण वाजलं.

त्यानं सांगितलं. इथेही तो थांबला नाही. ढकललं, उभा राहिलो, गज होता, उचलला नाही, कॅनडाचं खोटं बोललो. "मी मारलं त्याला," तो म्हणाला. "सुनेत्रा, तुझा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वीच गेला. मी मारला. मला कुणी शिक्षा देत नाही. निदान तू तरी विश्वास ठेव."

"ठेवते ना," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "मला माहीत आहे, शशीदादा. तेव्हापासून माहीत आहे."

"काय... काय माहीत आहे?"

"त्याच हिवाळ्यात आला तो घरी. पहाटेच. ओला. आईनं नवस बोलला होता, पोरगा जसा असेल तसा घरी येऊ दे म्हणून. आला. आईनं पान वाढलं. शेजारपाजार म्हणे, रघू परत आला, बरं झालं. सगळ्यांना तो बराच दिसे. वास फक्त मला यायचा." ती थांबली. "पंचवीस वर्षं बसून राहिला तो जेवायला, शशीदादा. आई त्याला वाढता वाढताच गेली. मग मी वाढायला लागले. माझं लग्न नाही झालं. असं पान टाकून कुठे जाणार होते मी?"

शेजारी भिंतीपाशी रघुवीर मान खाली घालून ऐकत होता. समजूतदार माणसासारखा.

"अमावास्येला उठला," सुनेत्रा म्हणाली. "पहिल्यांदा उठला ताटावरून. म्हणाला, शशानं बोलावलंय. आणि गेला. चार दिवस झाले. चार दिवस मी दारं-खिडक्या उघड्या टाकून झोपून राहिले. तुम्हाला कल्पना नाही..." तिचा सपाट आवाज आता फुटला. "तुमच्या पाया पडते. कुणाला काही सांगू नका. पोलिसांना नका सांगू. त्याला नाव नका देऊ, त्याचं काही करू नका. इकडे तर मुळीच नका पाठवू. तुम्हाला काही करायचंच असेल ना माझ्यासाठी, तर त्याला वाढत राहा. बस."

"सुनेत्रा, ऐक..."

"एक विचारू?" ती एकदम कुजबुजली. "तो एकटाच आलाय ना तिथे? आई गेल्यावरही मला इथे दोन पानं वाढावी लागायची."

"म्हणजे?"

पलीकडून खिडकीचं दार लावल्याचा आवाज आला, मग कडी लागल्याचा. आणि फोन बंद झाला.

शशिधर रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. रघुवीर त्याच्या शेजारीच होता, हाताच्या अंतरावर, भिंतीला टेकून. तो हलला नव्हता. घरात तिसरं माणूस अलका, आणि ती आत, डायनिंग टेबलाशी होती. तिचा आवाज येत होता. मऊ, लाघवी, नव्या पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून ती काढायची तसा.

"घ्या ना हो अजून थोडं," ती म्हणत होती. "लाजायचं नाही. आत्ताच तर आलात."